श्रीमंत राज्यांत बेघर कुटुंबे जास्त का दिसतात? अमेरिकेतील आकडे वाचताना काय पाहावे

आपला प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो. बालकल्याणावरील प्रबंधासाठी आपण अमेरिकेतील बेघर कुटुंबांचे राज्यनिहाय आकडे पाहिलेत. मुलांमधील गरिबीत देशात वरच्या क्रमांकावर असलेल्या मिसिसिपीत बेघर कुटुंबे अगदी थोडी, तर मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क या संपन्न राज्यांत ती फार मोठ्या संख्येने आहेत, असे आपल्याला आढळले. त्यावरून आपण विचारता की गरिबीचा आणि बेघरपणाचा संबंधच नाही का, २०२४ मध्ये दिसलेली मोठी वाढ खरी मानावी का, आणि कोणत्या प्रदेशातील मुलांची स्थिती सर्वांत बिकट आहे हे या आकड्यांवरून कसे ठरवावे.

अमेरिकेतील एका मोठ्या शहराच्या बेघर-सेवा यंत्रणेत मी बरीच वर्षे काम करतो आहे. कुटुंबांसाठीच्या निवाऱ्यांची माहिती तपासणे आणि वार्षिक गणनेचे नियोजन करणे हे माझ्या कामाचे मुख्य भाग आहेत, त्यामुळे मी पुढे जे लिहितो आहे ते माहिती गोळा होते त्या बाजूने लिहितो आहे. माझे मुख्य म्हणणे असे की, राज्यनिहाय आकड्यांमधून आपल्याला बेघर कुटुंबे किती आहेत यापेक्षा ती कुठे दृष्टीस पडतात हे अधिक कळते. म्हणून कोणत्याही प्रदेशाचा आकडा हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: या ठिकाणी लहान मुले असलेल्या कुटुंबाचे घर सुटले, तर त्या रात्री ते कुटुंब कुठे जाते? या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्कमध्ये एक आहे, मिसिसिपीत दुसरे आणि ओरेगॉनमध्ये तिसरे. आपल्याला दिसलेल्या विसंगतीचा मोठा भाग या फरकातून आला आहे.

प्रथम गरिबी आणि भाडे यांच्याविषयी. कोणते कुटुंब बेघर होईल हे ठरवण्यात गरिबीचा वाटा निर्विवादपणे मोठा आहे. निवाऱ्यात येणारे नमुनेदार कुटुंब म्हणजे विशीतील किंवा तिशीच्या सुरुवातीची एकटी आई आणि तिची एक-दोन लहान मुले. तिची मिळकत अतिशय तुटपुंजी असते आणि बाजूला टाकलेले पैसे नसतात. परंतु कोणत्या प्रदेशात अशी कुटुंबे जास्त होतील हे ठरवताना गरिबीपेक्षा घरभाडे आणि रिकाम्या घरांची उपलब्धता यांचे वजन जास्त पडते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र केले की गोंधळ होतो. क्लीव्हलँड किंवा डेट्रॉइटसारख्या शहरांत गरिबी खोलवर आहे, पण लोकसंख्या घटल्यामुळे स्वस्त घरे शिल्लक आहेत, त्यामुळे तेथे एक पगार चुकला तरी कुटुंबाला आणखी स्वस्त जागेत सरकता येते. बोस्टन किंवा सॅन होजेमध्ये अशी खालची पायरीच उरलेली नाही. अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२० मध्ये मांडलेल्या विश्लेषणात मध्यम भाड्यात १०० डॉलरची वाढ ही बेघरपणाच्या दरातील सुमारे ९ टक्क्यांच्या वाढीशी निगडित आढळली होती. हा आकडा सर्व बेघर लोकांविषयीचा आहे, केवळ कुटुंबांविषयीचा नाही. पण आम्हाला निवाऱ्याच्या दारात जे दिसते त्याच्याशी त्याची दिशा जुळते.

मिसिसिपीत भाडी कमी आहेत, स्वतःच्या मालकीची जुनी घरे आणि कारखान्यात बनवून आणून ठेवलेली फिरती घरे पुष्कळ आहेत, आणि आजी, मावशी, काका यांच्या घरांत अडचणीत आलेल्या कुटुंबासाठी एखादी खोली निघू शकते. ती घरे गळकी असतील, तेथे दाटी असेल, वीज तोडली जाण्याची भीती असेल. तरीही गणनेच्या रात्री ते कुटुंब बेघर ठरत नाही. म्हणून मिसिसिपीतील कमी आकड्याचा अर्थ तेथील मुले सुरक्षित आहेत असा लावू नये. त्या राज्यात गरिबीचे रूप निकृष्ट घराचे आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये ते घरच नसण्याचे आहे, एवढेच त्यातून म्हणता येते.

आता निवाऱ्याच्या हक्काकडे वळतो. प्रदेशांची तुलना करणाऱ्या लेखनात याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून येथे थोडा वेळ थांबतो. न्यूयॉर्क शहरात १९७९ मध्ये दाखल झालेल्या एका खटल्यातून १९८१ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि एकट्या पुरुषांना निवारा देण्याचे बंधन शहरावर आले. पुढे आणखी खटल्यांमधून ते बंधन स्त्रियांना आणि मुले असलेल्या कुटुंबांनाही लागू झाले. मॅसॅच्युसेट्सने १९८३ मध्ये कायदाच करून पात्र कुटुंबांना आणि गरोदर स्त्रियांना निवारा देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. राजधानी वॉशिंग्टन शहरात कडाक्याच्या थंडीत असा हक्क आहे. देशाच्या बाकी बहुतांश भागांत असा हक्क नाही. जागा असेल तर मिळते, नसेल तर प्रतीक्षायादीत नाव लिहून कुटुंबाला परत पाठवले जाते.

याचा आकड्यांवर काय परिणाम होतो, ते पाहा. जेथे हक्क आहे तेथे कुटुंबे वाढली की शासनाला खाटा वाढवाव्या लागतात, हॉटेले भाड्याने घ्यावी लागतात, आणि त्यामुळे प्रत्येक नवे कुटुंब नोंदीत येते. जेथे हक्क नाही तेथे निवाऱ्यातील कुटुंबांची संख्या खाटांच्या संख्येपुढे जाऊच शकत नाही. गरज दुप्पट झाली तरी आकडा स्थिर राहतो, कारण निवारे आधीच भरलेले असतात. हा फरक लक्षात न घेता दोन राज्ये शेजारी ठेवली, तर ज्या राज्याने मुलांना रस्त्यावर राहू न देण्याची जबाबदारी स्वीकारली तेच राज्य सर्वांत अपयशी दिसते. मला हे मनापासून खटकते, कारण अशा वाचनाचा आधार घेऊन निवाऱ्याचा हक्क हेच बेघरपणाचे कारण आहे असा युक्तिवाद केला जातो. हक्कामुळे काही कुटुंबे नातेवाइकांच्या घरातून लवकर बाहेर पडत असतील हे मी नाकारत नाही. परंतु ज्या घरातून ती बाहेर पडतात तेथे अनेकदा एका खोलीत सात-आठ माणसे असतात, किंवा त्या आईला मारहाण होत असते. अशी कुटुंबे निवाऱ्यात आली की बेघर होतात आणि तेथेच राहिली की होत नाहीत, असे मानणे मला न्याय्य वाटत नाही.

हीच गोष्ट व्याख्येशी जोडलेली आहे. अमेरिकेत मुलांच्या बेघरपणाचे दोन सरकारी हिशेब समांतर चालतात. गृहनिर्माण व नागरी विकास खाते जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतील एका रात्री निवाऱ्यांत, संक्रमण-निवासांत (कायमचे घर मिळेपर्यंत काही काळ राहण्यासाठीच्या जागांत) आणि उघड्यावर असलेली माणसे मोजते. शिक्षण खाते मात्र १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार सरकारी शाळांतील मुले संपूर्ण शैक्षणिक वर्षभर मोजते, आणि त्या व्याख्येत घर गमावल्यामुळे किंवा पैशांच्या अडचणीमुळे दुसऱ्याच्या घरात दाटीने राहणारी, तसेच मोटेलमध्ये राहणारी मुलेही येतात. दोन्ही हिशेबांतील अंतर प्रचंड आहे. २०२३ च्या जानेवारीतील एका रात्रीच्या गणनेत मुले असलेल्या कुटुंबांतील सुमारे १ लाख ८६ हजार माणसे, प्रौढ धरून, आढळली. तर २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात शाळांनी सुमारे १३ लाख ७० हजार बेघर विद्यार्थी नोंदवले. त्यांतील जवळपास तीन-चतुर्थांश मुले दुसऱ्याच्या घरात राहत होती. एका रात्रीची आणि वर्षभराची मोजणी सरळ शेजारी ठेवता येत नाही हे खरे, पण या अंतराचे मोठे कारण व्याख्या हेच आहे. त्यात शाळेत न जाणारी बाळे शाळेच्या हिशेबात जवळजवळ नाहीतच, आणि या देशात माणूस निवाऱ्यात असण्याची शक्यता आयुष्याच्या पहिल्या वर्षात सर्वाधिक असते.

मोटेलचे उदाहरण घेतले तर व्याख्येचा प्रादेशिक परिणाम स्पष्ट होईल. फ्लोरिडातील ऑरलँडोच्या पर्यटन पट्ट्यात, किसिमीच्या परिसरात, आठवड्याच्या भाड्याने मोटेलमध्ये राहणारी कुटुंबे अनेक वर्षांपासून आहेत. आईवडील हॉटेलांत किंवा मनोरंजन उद्यानांत काम करतात, पण घराची अनामत आणि पहिल्या-शेवटच्या महिन्याचे भाडे एकदम भरण्याइतके पैसे त्यांच्याकडे साठत नाहीत. असे कुटुंब मोटेलचे पैसे स्वतः भरत असेल तर गृहनिर्माण खात्याच्या गणनेत ते बेघर नाही. त्याच मोटेलमधील शेजारच्या खोलीचे पैसे एखादी धर्मादाय संस्था किंवा शासन भरत असेल तर ते कुटुंब बेघर आहे. शाळेच्या दृष्टीने दोन्ही खोल्यांतील मुले बेघर आहेत. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये खोलीचे पैसे शासन भरते, फ्लोरिडातील या पट्ट्यात ते बहुधा आई भरते, आणि राज्यांच्या तक्त्यात हा फरक बेघर कुटुंबांच्या संख्येतील फरक म्हणून दिसतो.

पश्चिमेकडील राज्यांचे चित्र यांहून वेगळे आहे. देशभरात बेघर कुटुंबांपैकी दहांत नऊ तरी निवाऱ्यात असतात. कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या ग्रामीण भागांत मात्र गाडीत, छावणीवजा जागेत किंवा जुन्या वाहन-घरात राहणारी कुटुंबे तुलनेने जास्त आढळतात. निवाऱ्याबाहेर राहणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत ओरेगॉनचे नाव देशात वारंवार वर येते. अशी कुटुंबे मोजणे फार कठीण असते. मुले आपल्याकडून काढून घेतली जातील या भीतीने आईवडील गणना करणाऱ्यांपासून दूर राहतात, गाडी प्रकाशापासून लांब उभी करतात, आणि कोणी काचेवर टकटक केली तर आपण प्रवासात आहोत असे सांगतात. अनेक ग्रामीण काउंट्यांमध्ये (राज्यातील जिल्ह्यांसारख्या विभागांत) कुटुंबांसाठी एकही निवारा नाही. तेथे निवाऱ्यातील बेघर कुटुंबांचा आकडा शून्य येतो आणि तो शून्य तक्त्यात इतर आकड्यांइतक्याच आत्मविश्वासाने छापला जातो. अशा काउंटीतील शाळांचा आकडा मात्र शून्य नसतो. ग्रामीण भागावर लिहायचे असेल तर मी निःशंकपणे शाळांची माहिती प्रमाण मानतो.

येथे आणखी एक बाब सांगायला हवी, जी बाहेरून सहसा दिसत नाही. काही निवारे वयाने वाढलेल्या मुलग्यांना किंवा वडिलांना प्रवेश देत नाहीत, आणि काही वेळा आईच मोठ्या मुलाची शाळा तुटू नये म्हणून त्याला नातेवाइकांकडे ठेवते. गृहनिर्माण खात्याने बारा शहरी समुदायांतील २,२८२ कुटुंबांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात, निवाऱ्यात आलेल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या कुटुंबांत किमान एक मूल सोबत नव्हते. सगळीच मुले आजीकडे ठेवून आई एकटी निवाऱ्यात आली, तर ती एकटी प्रौढ म्हणून मोजली जाते आणि ते कुटुंब आकड्यांतून नाहीसे होते. जेथे निवाऱ्याचे नियम कडक, तेथे अशी कुटुंबे जास्त. कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या नोंदीही सुरक्षिततेसाठी सामाईक संगणकीय प्रणालीत घातल्या जात नाहीत. एका रात्रीच्या गणनेत त्यांची एकूण संख्या येते, पण वर्षभराच्या माहितीत या कुटुंबांचा माग लागत नाही. हिंसाचार हे कुटुंबे बेघर होण्याचे फार मोठे कारण असल्यामुळे ही पोकळी लहान नाही. ती तशीच राहावी असे मात्र माझे ठाम मत आहे, कारण त्या स्त्रीचा ठावठिकाणा गुप्त राहणे हे आमच्या तक्त्याच्या पूर्णतेपेक्षा महत्त्वाचे आहे.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: प्रादेशिक फरकामागे भाड्याचा दाब, निवाऱ्याचा हक्क आणि मोजण्याची व्याख्या ही तीन कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत, आणि मॅसॅच्युसेट्स व न्यूयॉर्कमध्ये तिन्ही एकाच दिशेने काम करतात, म्हणून तेथील आकडे इतके उंच दिसतात.

काळाच्या ओघातील बदलाकडे आता येतो. २००७ मध्ये, म्हणजे देशपातळीवर तुलना करता येईल अशा गणनेच्या पहिल्या वर्षी, मुले असलेल्या कुटुंबांतील सुमारे २ लाख ३४ हजार माणसे बेघर आढळली. आर्थिक मंदीनंतर काही वर्षे हा आकडा त्याच्या आसपास राहिला, मग सातत्याने उतरत २०२२ मध्ये सुमारे १ लाख ६१ हजारांवर आला. २०२३ मध्ये तो १ लाख ८६ हजारांवर चढला आणि २०२४ मध्ये ३९ टक्क्यांनी वाढून २ लाख ५९ हजारांच्या पुढे गेला. त्या रात्री बेघर असलेल्या मुलांची संख्या दीड लाखाच्या जवळ होती. ही मालिका सुरू झाल्यापासूनचा हा उच्चांक होता.

२०२२ पर्यंतची घट खरी होती, पण जेवढी दिसते तेवढी नव्हती. त्या दशकात कुटुंबांसाठीची अनेक संक्रमण-निवासे बंद करून त्यांचा पैसा अल्पकालीन भाडेसाहाय्याकडे वळवण्यात आला. संक्रमण-निवासात राहणारे कुटुंब बेघर मोजले जाते. सहा महिन्यांच्या भाडेसाहाय्यावर स्वतःच्या भाड्याच्या घरात राहणारे कुटुंब मोजले जात नाही. धोरण म्हणून हा बदल मला बराचसा योग्य वाटतो, कारण मुलांना स्वतःचे दार असलेले घर मिळते. मात्र घटीचा काही भाग या वर्गांतरातून आला, हे प्रबंधात नोंदवणे आवश्यक आहे. त्याशिवाय २०२१ ची गणना अपूर्ण आहे. साथीमुळे अनेक ठिकाणी उघड्यावरील लोकांची मोजणी झाली नाही आणि अंतर राखण्यासाठी निवाऱ्यांनी खाटा कमी केल्या होत्या, त्यामुळे ते वर्ष तुलनेत घेऊ नये. सप्टेंबर २०२० ते ऑगस्ट २०२१ या काळात भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावर देशव्यापी स्थगिती होती, आपत्कालीन भाडेसाहाय्यासाठी सुमारे ४६.५ अब्ज डॉलर उपलब्ध करून दिले गेले, आणि २०२१ च्या उत्तरार्धात मुलांसाठीची वाढीव करसवलत दरमहा कुटुंबांच्या खात्यांत जमा होत होती. त्या वर्षी मुलांमधील गरिबीचा पूरक दर, म्हणजे सरकारी मदत आणि करसवलती धरून काढलेला दर, ५.२ टक्क्यांपर्यंत खाली आला. सवलत संपताच २०२२ मध्ये तो १२.४ टक्के झाला. त्याच सुमारास भाडी झपाट्याने वाढली. यानंतर कुटुंबांची संख्या चढू लागली याचे मला आश्चर्य वाटले नाही. निवाऱ्याच्या दूरध्वनी सेवेवर येणाऱ्या विनंत्या गणनेच्या आधीच वाढलेल्या होत्या.

२०२४ ची वाढ खरी आहे का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की ती खरी आहे, पण ती देशभर सारखी पसरलेली नव्हती. नव्याने आलेल्या आश्रयार्थी आणि स्थलांतरित कुटुंबांचा परिणाम झाल्याचे कळवणाऱ्या १३ समुदायांमध्ये, म्हणजे गणनेच्या स्थानिक विभागांत, बेघर कुटुंबांची संख्या दुपटीहून अधिक झाली. उरलेल्या ३७३ समुदायांमध्ये वाढ ८ टक्क्यांपेक्षा कमी होती. इलिनॉय राज्यातील शिकागोमध्ये एकूण बेघर लोकांची संख्या एका वर्षात सुमारे ६ हजारांवरून १८ हजारांच्या पुढे गेली आणि २०२५ च्या शहरी गणनेत ती निम्म्याहून खाली आली. हवाईमध्ये ऑगस्ट २०२३ च्या माऊई बेटावरील आगीनंतर आपत्ती-निवाऱ्यांत असलेले ५,२०० हून अधिक लोक त्या रात्रीच्या गणनेत आले. म्हणजे इलिनॉयमधील उसळी आणि हवाईमधील उसळी यांची कारणे एकमेकांशी संबंधित नाहीत आणि दोन्हींचा तेथील दीर्घकालीन घरटंचाईशी असलेला संबंध वेगवेगळा आहे. आपण केवळ २०२३ आणि २०२४ ची तुलना करून प्रादेशिक कल काढलात, तर तो कल फार थोड्या ठिकाणांचा असेल. मात्र उरलेल्या समुदायांतील ८ टक्क्यांच्या आतील वाढीकडे दुर्लक्ष करू नये. बातम्यांत ती दिसली नाही, पण अनेक मध्यम आकाराच्या शहरांत ती सलग दुसऱ्या वर्षी झालेली वाढ होती आणि ती भाड्यातून आलेली आहे असे माझे मत आहे.

धोरण बदलले की आकडा कसा बदलतो याचेही ताजे उदाहरण मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. तेथे ऑगस्ट २०२३ मध्ये आणीबाणी जाहीर झाली, त्या शरद ऋतूत एका वेळी ७,५०० कुटुंबांची मर्यादा घालण्यात आली, आणि २०२४ मध्ये मुक्कामाला नऊ महिन्यांची मुदत लागू करण्याचा कायदा झाला. न्यूयॉर्क शहराने २०२३ च्या ऑक्टोबरपासून स्थलांतरित कुटुंबांना साठ दिवसांची मुदत घालायला सुरुवात केली. यानंतरच्या वर्षांत या राज्यांत घट दिसली, तर तिचा किती भाग कुटुंबांना घरे मिळाल्यामुळे आणि किती भाग दार अरुंद झाल्यामुळे आहे, हे वेगळे काढल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. त्यासाठी निवाऱ्यातून बाहेर पडलेली कुटुंबे कुठे गेली याची नोंद पाहावी लागते. त्यात ‘ठाऊक नाही’ या रकान्याचे प्रमाण वाढत असेल, तर मी त्या घटीवर विश्वास ठेवत नाही.

आकडा जानेवारीचा असतो, ही मर्यादाही कुटुंबांच्या बाबतीत विशेष महत्त्वाची आहे. एकट्या प्रौढांची निवाऱ्यातील संख्या थंडीत वाढते, पण कुटुंबांचे येणे उन्हाळ्यात वाढते. घर देणारे नातेवाईक शाळेचे वर्ष संपेपर्यंत कसेबसे सांभाळून घेतात, आईही मुलांची परीक्षा होईपर्यंत वाद गिळते, आणि जून-जुलैमध्ये ती व्यवस्था मोडते. म्हणून जानेवारीच्या गणनेत कुटुंबे वर्षाच्या सरासरीपेक्षा कमी दिसण्याची शक्यता असते, आणि ज्या थंड राज्यांत हिवाळ्यात कोणी नातेवाइकाला घराबाहेर काढत नाही तेथे हा परिणाम अधिक असावा असे मला कामातून वाटते.

घर सुटण्याच्या आधीची पायरी तपासायची असेल तर न्यायालयांतील निष्कासनाच्या दाव्यांची माहिती उपयोगी पडते. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी जनगणनेच्या नोंदींशी दावे जुळवून दाखवले की २००७ ते २०१६ या काळात दरवर्षी सुमारे ७६ लाख लोकांवर घर सोडण्याच्या दाव्याची टांगती तलवार होती आणि त्यांत सुमारे २९ लाख मुले होती. सर्वाधिक धोका पाच वर्षांखालील मुलांना होता. या दाव्यांचा नकाशा बेघर कुटुंबांच्या नकाशाशी जुळत नाही. दक्षिणेकडील अनेक राज्यांत दावा दाखल करणे स्वस्त आणि जलद आहे, त्यामुळे तेथे दावे भरपूर आणि निवाऱ्यातील कुटुंबे थोडी आढळतात. दाव्यानंतर ही मुले जातात कुठे, तर पुन्हा नातेवाइकांच्या घरी आणि मोटेलमध्ये, म्हणजे केवळ शाळेच्या नोंदीत.

अमेरिकेबाहेरचा एकच दाखला देतो, कारण तुलनेसाठी तो उपयोगी आहे. इंग्लंडमध्ये १९७७ च्या कायद्यापासून मुले असलेल्या बेघर कुटुंबांना तात्पुरते घर देण्याचे कर्तव्य स्थानिक प्रशासनावर आहे. मार्च २०२४ अखेर तेथे तात्पुरत्या निवासात १,५१,६३० मुले होती, आणि अशा निवासातील कुटुंबांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या लंडनची होती. अमेरिकेची लोकसंख्या इंग्लंडच्या जवळपास सहापट असूनही एका रात्रीच्या गणनेतील मुलांचा आकडा दोन्हीकडे जवळपास सारखाच येतो. याचा अर्थ इंग्लंड मुलांच्या बाबतीत सहापट निष्काळजी आहे असा कोणी लावणार नाही. तेथे कर्तव्य आहे, म्हणून नोंद आहे. मॅसॅच्युसेट्स आणि मिसिसिपी यांच्यातील तुलना याच नजरेने करावी. आणि कर्तव्य असलेल्या देशातही महागडी राजधानी इतरांपेक्षा इतकी वर राहते, यावरून भाड्याचा परिणाम व्याख्येच्या परिणामापासून वेगळा काढून पाहता येतो.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे, कोणत्या प्रदेशातील मुलांची स्थिती सर्वांत बिकट, हे कसे ठरवावे. याचे उत्तर आपण बिकट कशाला म्हणता यावर अवलंबून आहे. डोक्यावर छप्पर नसणे हा निकष असेल तर पश्चिम किनाऱ्यावरील निवाऱ्याबाहेरची कुटुंबे पाहावीत. निवाऱ्यात घालवलेला काळ हा निकष असेल तर न्यूयॉर्ककडे जावे लागेल, कारण तेथे कुटुंबे एक वर्षाहून अधिक काळ निवाऱ्यात राहणे असामान्य नाही. मदत मागूनही काहीच न मिळणे हा निकष असेल तर दक्षिणेकडील आणि ग्रामीण काउंट्या पुढे येतील. बाल्यावस्थेतील मुलावर या तिन्हींचा परिणाम वेगवेगळा होतो आणि मी त्यांचा एकच क्रम लावणार नाही.

ज्या एका गोष्टीविषयी मला फारशी शंका नाही ती म्हणजे उपाय. गृहनिर्माण खात्याच्या २,२८२ कुटुंबांवरील ज्या अभ्यासाचा मी वर उल्लेख केला, त्यात कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या प्रकारची मदत दिली गेली होती आणि सुमारे तीन वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. कायमस्वरूपी भाडे-व्हाउचर मिळालेल्या कुटुंबांत पुन्हा बेघर होण्याचे प्रमाण नेहमीची मदत मिळालेल्यांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाले, मुलांच्या शाळा कमी बदलल्या, आईवर होणारी मारहाण कमी झाली, आणि एकूण खर्च सुमारे ९ टक्केच जास्त आला. अल्पकालीन भाडेसाहाय्य स्वस्त पडले, पण कुटुंबांच्या स्थिरतेत त्याने फारसा फरक केला नाही. हे निष्कर्ष भाडी कमी असलेल्या आणि जास्त असलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ठिकाणांतून आलेले आहेत. तरीही देशात पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी सुमारे एकालाच केंद्रीय भाडेसाहाय्य मिळते. प्रदेशांची तुलना करताना कोणत्या राज्याने स्वतःच्या तिजोरीतून ही पोकळी किती भरली, हा स्तंभ आपल्या तक्त्यात असावा अशी माझी सूचना आहे.

कामाची सुरुवात करताना पाच-सहा राज्ये निवडावीत: निवाऱ्याचा हक्क असलेले एक, पश्चिम किनाऱ्यावरील एक, दक्षिणेतील दोन आणि मध्यपश्चिमेतील एक-दोन. प्रत्येकासाठी २०१५ ते २०२० आणि २०२२ पासून पुढे असे दोन कालखंड वेगळे ठेवावेत. एका रात्रीची गणना राज्यातील गरीब कुटुंबांतील मुलांच्या प्रमाणात मांडावी, एकूण लोकसंख्येच्या प्रमाणात नव्हे. तिच्या शेजारी शाळांची वार्षिक संख्या ठेवावी आणि शाळांच्या संख्येला रात्रीच्या गणनेने भागून गुणोत्तर काढावे. हे गुणोत्तर ज्या राज्यात फार मोठे येईल तेथे निवारे अपुरे असून कुटुंबे नातेवाइकांकडे व मोटेलमध्ये अडकलेली असण्याची शक्यता तपासावी. ज्या राज्यात ते लहान येईल तेथे निवाऱ्याची व्यवस्था विस्तृत आहे, की शाळाच मुलांची नोंद नीट करत नाहीत, हे पाहावे. हा दुसरा पर्याय नेहमी तपासा, कारण शाळेतील बेघर मुले ओळखणे हे बऱ्याच लहान जिल्ह्यांत एकाच कर्मचाऱ्याचे इतर पाच कामांबरोबरचे काम असते. काउंटीपातळीवर गेलात तर लहान आकडे गोपनीयतेसाठी झाकलेले आढळतील. अशा वेळी ते शून्य न धरता शेजारच्या काउंट्या एकत्र कराव्यात.